व्याह्यांना भरवलेली जिलबी

३ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टर म्हणाले, मधुमेह. मी म्हटलं, संशय आहे म्हणा. ते म्हणाले, संशय गेल्या वर्षी होता. संस्कृतच्या शिक्षकाशी इतकं रोखठोक बोलू नये.
निश्चय: शर्करा वर्ज्य. मात्र निकिताच्या साखरपुड्यापर्यंत बाहेर अक्षर नाही. बापाला रोग म्हणजे उद्या मुलीला, असं म्हणून लोक स्थळ मोडतात. बायकोला आणि निकिताला शपथ घातली. गोळ्या चूर्णाच्या डबीत.

९ फेब्रुवारी, रविवार
सिन्नरला होणारे व्याही रावजी यांच्या घरी. माणसं सालस, आदरातिथ्य यथातथा. चहा बिनसाखरेचा! पेढ्यांचं ताट माझ्यासमोरून तसंच पुढे गेलं. आग्रह शून्य. शेवटी साखर मागून घेतली, दोन चमचे. निकिताचा चेहरा उतरला. सासरचा चिक्कूपणा तिच्याही मनाला लागला असणार.

१२ फेब्रुवारी
पहाटे फिरणं आजपासून. थंडी होती. उद्यापासून.
सुवर्णा म्हणाली, "अहो, लपवून शुगर उतरते का?" बायकोशी शास्त्रार्थ करू नये.

१६ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा निर्विघ्न. पंगतीत रावजी जिलबीला नको नको म्हणत होते. भिडस्त माणूस! आग्रह कसा करतात ते सिन्नरकरांना दाखवलंच. स्वतःच्या हाताने भरवली. मग दुसरी, मग निकिताच्या नावाची. ते म्हणाले, "तुमच्या हातची हाय, नाय कसं म्हणू?" मीही चार खाल्ल्या. कुणाला शंका नको.

१७ फेब्रुवारी
रावजी दवाखान्यात. त्यांना कैक वर्षं शुगर आहे, इन्सुलिन घेतात. निकिता रडत म्हणाली, "बाबा, त्यांना तुमचंही माहीत होतं. सिन्नरला जायच्या आधीच मी सांगितलं होतं. शपथ मोडली."
म्हणजे तो चहा.
जेवलो नाही.

१८ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. रावजींच्या हाताला सलाईन. स्थळ मोडलं का, हे विचारायचं होतं. तेच म्हणाले, "दादा, लग्नाची तारीख धरा. तुम्ही पोरीसाठी जिवावर उदार होऊन खात व्हता, मंग मी तीन नाय खाऊ?"
पोरीसाठी नव्हतं. मला जिलबी आवडते. हे फक्त इथे लिहितो.
इतक्यात नर्स बोट टोचायचं मशीन घेऊन आली. रावजी हसले. "ताई, आधी आमच्या व्याह्यांचं बघा. लाजरे हायेत."
मी म्हणालो, बस चुकेल, निघतो.
हातात हेल्मेट होतं.