काकांच्या कॉलरचा पंप

तीर्थरूप काकांना नमस्कार. नमस्कारापाठोपाठ आशीर्वाद मागायची रीत आहे, पण मी सध्या तुमच्यावर रागावले आहे, तेव्हा तो तूर्त तुमच्यापाशीच जमा असू द्या. तब्येत कशी आहे हेही विचारत नाही. तुम्ही ‘ठणठणीत’ म्हणून लिहाल, आणि काकू फोनवर सांगेल की तुम्ही रात्रभर उशीला टेकून बसूनच झोपता. दोघांत खरं कोण बोलतं हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

बाकी यंत्रं मात्र रग्गड निघाली आहेत, आणि सगळी मलाच छळायला. पर्यावरण-आरोग्याच्या या अभ्यासक्रमात आधी पाणी मोजायला शिकवलं. गढूळपणाच्या यंत्रात मी बाटली ठेवली तर पिण्याचं पाणी नाल्याहून गढूळ निघालं (बाटलीवर माझ्याच बोटांचे ठसे होते, पण तोवर मी अख्ख्या वसतिगृहाला पाणी उकळायला लावलं होतं). मग आवाजाचं यंत्र. त्यानं वर्गातला सर्वांत मोठा गोंगाट आमच्या सरांचाच दाखवला, आणि तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवणारी शहाणी मीच. या सरांना आम्ही दशांशसर म्हणतो. माणूस मेला तरी ते विचारतील, दशांशचिन्हानंतर किती? तराजूचं तर नावच काढू नका. काचेच्या पेटीत बसलेला हा नाजूक प्राणी पंखा लावला की डोलतो, दार लोटलं की डोलतो, मी उसासा टाकला तरी डोलतो. आणि या वर्गात उसासे न टाकता कोण जगेल?

शेवटी आली धूळ. कमरेला छोटा पंप, त्याची नळी वर कॉलरपर्यंत, आणि नळीच्या तोंडाशी फिल्टर म्हणून एक पांढरी चकती. माणूस दिवसभर ओढतो तीच हवा पंपही ओढतो. संध्याकाळी चकती तोलायची, वजन वाढलं तेवढी धूळ. परीक्षेसाठी ज्यानं त्यानं आपला कामगार शोधायचा होता. मला कुठं शोधाशोध करायची? दगड कापायच्या कारखान्यात हयात घालवलेले, अंघोळीचं पाणी करडं करणारे तुम्ही घरचेच. मी नळी लावताना तुम्ही नवरदेवासारखे ताठ उभे राहिलात, आणि मला मेलीला अभिमान वाटला.

चकतीचं वजन जेमतेम हललं. सर खूश, कारण आकडा नेटका होता. मला पैकीच्या पैकी गुण. तुमच्या साहेबांनी त्या आकड्याची प्रत मागून घेतली, चौकटीत घालून दाराशी लावली, आणि हवा एवढी शुद्ध असेल तर पाणी कशाला वाया घालवा, म्हणून धूळ दाबणारे करवतींवरचे पाण्याचे फवारे बंद करून टाकले. मी घाबरून चकती पुन्हा काढून पाहिली. दगडाची भुकटी करडी असते, काका. ही चकती पिवळट होती, आणि तिला सिगारेटचा वास येत होता. तुमच्या कारखान्यात सिगारेट ओढतात एकटे साहेब, तेही आपल्या बंद खोलीत. म्हणजे पंप दिवसभर साहेबांच्या खुंटीवर गार हवा खात होता आणि तुम्ही करवतीपाशी धूळ. (जड होता म्हणून ठेवला, असं आता सांगू नका. तो तुमच्या जेवणाच्या डब्यापेक्षा हलका आहे.) खाल्ल्या मिठाला जागावं, हे मलाही कळतं. पण मीठ पोटात जातं आणि ही धूळ छातीत जाते, आणि गेलेली परत येत नाही. आमच्या पुस्तकात तशा छातीचं चित्र आहे. ते पान आलं की मी पुस्तक मिटते.

काकूला सांगा, तिच्यावर राग नाही.

तुमची पुतणी

ता. क. हे लिहून झालं आणि काकूचा फोन आला. साहेबांनी तुम्हाला शब्द दिला होता म्हणे: आकडा चांगला आला तर कारखान्यात धूळ आणि आवाज तपासायच्या जागेवर तुमच्या पुतणीला घेऊ. म्हणून पंप खुंटीवर गेला. पत्र फाडणार होते. फाडलं नाही, कारण रडू आलं तरी राग गेलेला नाही.

आणखी ता. क. ती जागा मी घेतली आहे. सोमवारी रुजू होते. पहिलं काम म्हणून पंप तुमच्या कॉलरला मी लावीन आणि कारखाना सुटेपर्यंत करवतीपाशी तुमच्या शेजारी उभी राहीन. तेव्हा एवढंच मागणं आहे, सोमवारी रजा टाकू नका. खरा आकडा आला की साहेब मला त्याच संध्याकाळी घरी पाठवतील, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. पाठवू देत. नोकरी दुसरी मिळेल, काका दुसरा कुठून आणू?