हळदीखालचं मलम

वर्धा, ६ मे

चि. काजल हिस ताईचे आशीर्वाद.

आई फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून पत्र. लग्न आठवड्यावर आलं आणि तुझ्या कोपरांवरचा, मानेवरचा इसब अजून चिरतोच आहे. तो कुणाला लागत नाही. कातडी कोरडी पडली की चिडतो, एवढंच. सोबत मलमाची डबी आहे. कोमट पाण्याने आंघोळ कर, अंग टिपून ओलसर असतानाच जाड थर दे. हळदीच्या दिवशीही आधी मलम लाव, म्हणजे झोंबणार नाही. आई म्हणते, सासरी कळलं तर लग्न मोडेल. समजावून सांगितलं की माणसं समजतात, असं माझं मत.

तुझ्यावर जीव असलेली,
सुरभी

तळेगाव, १९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हळदीला तू नर्सिंगच्या पेपरमुळे नव्हतीस आणि लग्नात बोलता आलं नाही. यांना लावलेली उष्टी हळद घेऊन सासूबाई आल्या. खाली मलमाचा थर, त्यामुळे हळद अंगावर ठरेना. बायका म्हणू लागल्या, पोरीले हळद धरून नाई राह्यली, काऊन? सासूबाईंनी बेसन मागवून मलम खरडून काढलं आणि पुन्हा हळद चोळली. कोपरं रक्ताळली, सगळ्यांनी पाहिली. मांडव उभा होता म्हणून लग्न झालं. आता माझं ताट वेगळं. पोळ्यांना हात लावू देत नाहीत. हे अंगणात झोपतात, म्हणतात उकडते.

आठवण काढत जा.
तुझी काजल

वर्धा, २५ मे

चि. काजल हिस आशीर्वाद.

हे अज्ञान आहे, दुष्टपणा नव्हे. मोठी डबी पाठवते आहे. लपवू नकोस, सासूबाईंसमोर उघड. त्यांच्या हातात दे, लावून पाहू दे. विश्वास बसेल. धीर सोडू नकोस.

सदैव तुझी,
सुरभी

तळेगाव, ८ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलं तसंच केलं. सासूबाईंनी मलमाचा वास घेतला, टाचांच्या भेगांना लावून पाहिलं आणि डबी आपल्या पेटीत ठेवली. टाचा मऊ झाल्या, शेजारणींना दाखवतात. म्हणतात, तुह्या बहिणीचं शिक्षण कामी आलं, तिले म्हण अजून एक पाठवजो.

रोज संध्याकाळी मीच चोळून देते. माझ्या हातची पोळी चालत नाही, पायाला हात चालतो. चोळून झाल्यावर तळव्यांना उरतं, ते कोपरांना पुसून घेते. मानेला पुरत नाही.

पुढची डबी जरा घट्ट मलमाची पाठव. ते हाताला जास्त चिकटतं.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी काजल