चौथ्या नळीतले अल्पाहारी

सोमवार, ३ जून
सकाळी सव्वासातला दंड पुढे केला. लेकीच्या प्रयोगशाळेला निरोगी रक्त ताजंच लागतं — त्यातल्या भक्षक पेशी दिवसभरही टिकत नाहीत म्हणे. दर सोमवारी माझी पाळी. निरोगी! छप्पन्नाव्या वर्षी हे विशेषण फुकट मिळतंय, मी कशाला सोडू?

कुठली नळी कुणाची, हे लेकीला कळू द्यायचं नसतं. नळीवर नुसता आकडा. रक्त काढणाऱ्या बाई चिकटवत होत्या, तेव्हा मला दिसला. चार.

मंगळवार, ४ जून
लेक जेवताना रंगात. या पेशी आणि न्यूमोनियाचे जंतू अर्धा तास एकत्र ठेवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं — एकेकीनं किती गिळले. "निरोगी पेशी आठ-नऊ गिळते, बाबा! वेढा घातला की संपलं. आजाऱ्यांची तिनावरच थकते." हा फरक म्हणजेच तिचा प्रबंध.

बायको म्हणाली, "ताटावर जंतू नकोत गं."

मंगळवार, ११ जून
"तो चार नंबर!" लेकीनं ताटच सरकवलं. "निरोगी म्हणे! तीनच गिळतो. दोनदा मोजलं. सगळा आलेख झोपवला मेल्यानं!"

"असेल कुणी ऐतखाऊ," बायको.

सोऽहम्! — मनात. उघड म्हणालो, "बिचाऱ्याचं पोट भरलं असेल."

जन्मभर ताटावरून शेवटी उठणारा मी, आणि माझ्या पेशी अल्पाहारी!

बुधवार, १२ जून
सांगावं? सांगितलं, तर आकडे गुप्त ठेवण्यात अर्थ काय उरला? तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व फार सोयीचं असतं कधीकधी.

मंगळवार, १८ जून
काल दिलेल्या रक्तातही तीनच. लेक आज चिडली नाही — तेच वाईट. माझ्याशेजारी येऊन बसली. "चार नंबर खरंच निरोगी असेल ना बाबा, तर माझं म्हणणंच चूक. तीन वर्षं गेली." त्याला वगळायचं म्हणाली, तर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "कारण दाखव. नावडतो म्हणून कुणाला वगळता येत नाही."

जेवण गोड लागलं नाही.

बुधवार, १९ जून
कारण आहे. रोज चार सिगारेटी, कचेरीच्या मागच्या जिन्यात, बावीस वर्षं. रक्त देताना भरलेल्या फॉर्मवर 'धूम्रपान — नाही' लिहिलं होतं. या वहीतही कधी लिहिलं नाही.

सकाळी रक्त काढणाऱ्या बाईंकडून फॉर्म मागून घेतला, 'नाही' खोडलं, सही केली. चार नंबर निरोग्यांतून बाद, लेकीचा प्रबंध तरला. आता बायकोला सांगायचंय.