तिसरं उत्तर

आई, मी आता मोहालीला नोकरी करते, आणि ऑफिसात जे बनवते आहे ते तुला पाच मिनिटांत कळलं असतं. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यासाठी लागणारे प्रोग्राम वेगवेगळ्या भांडारांतून घ्यावे लागतात, आणि एकाच प्रोग्रामचं नाव एका भांडारात दोन अक्षरी, तर दुसऱ्यात त्यालाच शेपूट जोडलेलं. माझं टूल सगळ्या भांडारांत एकदम शोधतं. नावावर अडून बसत नाही, प्रोग्राम काम काय करतो तेही बघतं. युक्ती तुझीच. बाबा एअर फोर्समध्ये, त्यांची चंडीगडला बदली झाली तेव्हा तुझी साताऱ्याची मराठी आणि दुकानदाराची पंजाबी यांचं काही केल्या जमेना. ओवा म्हटलं की तो नुसता बघत राही. मग तू चिमूटभर ओवा पुडीत बांधून नेऊ लागलीस. पुडी काउंटरवर उघडायची आणि म्हणायचं, "ये दो." मी बाजूला उभी, शाळेतलं कुणी बघत नाही ना या धास्तीत. तू मला दटावायचीस, "लाज कसली वाटती? चोरी करतोय व्हय आपण?"

गेल्या आठवड्यात टूल लोकांसाठी खुलं करायचं होतं. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एका भांडाराची जोडणी मुद्दाम तोडली आणि नेमका तिथलाच प्रोग्राम शोधायला सांगितला. टूलने ठणकावून सांगितलं, कुठेही नाही. "मॅडम जी, ये तो झूठ बोल रहा है," तो म्हणाला. "पूछा ही नहीं, और बोलता है, नहीं है." मी वाद घातला. आहे आणि नाही, दोनच उत्तरं बरी, तिसऱ्याने लोक गोंधळतात, असं काहीबाही. तो शांतपणे म्हणाला, "कोई इसकी बात पक्की मान लेगा, यार. फिर वो दोबारा ढूँढेगा भी नहीं." मला राग आला, आणि तो त्याच्यावरचा नव्हता. तारीख पुढे ढकलून मी तिसरं उत्तर घातलं: विचारता आलं नाही.

धाकटी झाली तेव्हा तू अंथरुणावर होतीस आणि आजीला येता आलं नव्हतं. लाडवांसाठी हळीव हवे होते, नमुन्यापुरतेसुद्धा घरात उरले नव्हते. तू मला पाठवलंस. "बारीक, तांबडे, भिजले की बुळबुळीत होत्यात, असं सांग." मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. आत वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. मी तिथूनच परत फिरले आणि तुला सांगितलं, "नाही म्हणाले." तू "बरं" म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. पुढे जी म्हणून मराठी बाई बदलीवर यायची तिला तू बजावायचीस, हळीव गावाकडूनच आणा, इथे मिळत नाहीत. मी ऐकत बसायचे. खरं सांगायला तू असेपर्यंत वेळच वेळ होता.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहायचं धाडस झालं. परवा मी त्याच दुकानात गेले. दुकानदार आता म्हातारा झालाय. मी तुझेच शब्द हिंदीत सांगितले. "हालों? ये तो जी हम शुरू से रखते हैं," म्हणत त्याने न वळता मागे हात घातला आणि बरणी काढली. तुला त्या बाळंतपणात हळिवाचा एकही लाडू मिळाला नाही, आई, ते माझ्यामुळे.