जुन्या सामानाची खोली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही असं लिहिलंस, तर तू नुसती उतरत जा, चढूच नकोस, एवढाच सल्ला मला सुचतो (मी गाण्याचा मास्तर आहे, डॉक्टर नव्हे). भावजींच्या शिंका काय म्हणतात? धुळीचं नाव काढलं तरी त्यांचं नाक हुळहुळायला लागतं हे मला ठाऊक आहे. किती ठाऊक आहे ते पुढे येईलच. आम्ही सगळे खुशाल. तुझी भावजय म्हणते की मी हल्ली घरातसुद्धा कुजबुजत बोलतो. त्यालाही कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमची शाळा.

गावाच्या कडेला नवीन घरं उभी राहिली हे तुला माहीतच आहे. घरं आली तशी माणसं आली, माणसांमागून पोरं आली, आणि शाळेची इमारत मात्र होती तिथेच आणि होती तेवढीच राहिली. त्यामुळे आमच्याकडे आता जागा दिसेल तिथे वर्ग आहे. भूगोल जिन्याखाली भरतो (भूगोलाचे मास्तर उंच, त्यांच्या कपाळावर डोंगररांगा उठल्या आहेत). व्यायामाच्या हॉलमध्ये मधोमध कपाटं लावून अलीकडे इतिहास आणि पलीकडे गणित चालतं, आणि परवा एका मुलाने राजाकडे किती सैन्य होतं याचं उत्तर छप्पन्न असं दिलं, ते पलीकडून आलेलं होतं. गाण्याची खोली सगळ्यांत आधी गेली, हे सांगायला नको. गाणं कुठेही म्हणता येतं असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हापासून मी माझी पोरं घेऊन, मांजर पिल्लं फिरवतं तसा शाळाभर फिरतो आहे.

आमच्या मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावाने देवमाणूस, पण पसारा पाहिला की अंगात येतं) वाढीव इमारतीच्या निधीसाठी वरच्या कचेरीचा अर्ज करकरून पिच्छा पुरवला. शेवटी कचेरीने कळवलं की अमुक तारखेला समिती येईल, शाळा खरोखर अपुरी पडते का ते डोळ्यांनी बघेल आणि मग पैशांचं ठरवेल. आम्हाला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. आणि तिथेच घात झाला ताई, कारण सुचेना म्हणून आम्ही साफसफाई करायला घेतली.

तुला आईची आठवण येईल. पाहुणे यायचे म्हटलं की ती घरातलं सगळं पलंगाखाली ढकलायची (एकदा तू मलाही ढकललं होतंस, माझा शर्ट फाटका होता म्हणून). बाई आईच्याच वळणाच्या. पाहुण्यांना असला पसारा दाखवायचा म्हणजे शोभा नाही का, असं त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. त्या दिवशी चार वर्ग निसर्गनिरीक्षणासाठी बागेत धाडले, दोन पोहायला, एक पोस्ट कसं चालतं ते बघायला. हॉलमधली कपाटं हलवली. जिन्याखाली भूगोलाच्या जागी कुंडी ठेवली. फरशी अशी चमकवली की चालायची भीती वाटावी. उरलो मी आणि माझी गाणारी पोरं. आमच्यासाठी कुठे जागाच नव्हती (शाळा तेव्हा जवळजवळ रिकामी होती, हे आता लक्षात येतं). म्हणून आम्हाला मोडक्या बाकांच्या खोलीत बसवलं, बाहेरून दार लावलं आणि हूं की चूं करू नका म्हणून बजावलं.

समिती आली. समितीत कोण आहे ते मला ठाऊक नव्हतं. घरचं नातं कामात आणायचं नाही म्हणून भावजींनी आधी चकार शब्द काढला नव्हता. माणूस सरळ, पण इतकंही सरळ असू नये. आत आम्ही श्वास रोखून बसलो होतो. माझा वर्ग इतका शिस्तीत मी आयुष्यात पाहिला नाही, आणि लाज वाटते सांगायला, मला त्याचा अभिमान वाटला. पावलं दाराशी थांबली. इथे काय आहे, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, जुनं सामान आहे, धूळ फार आहे. आणि बाहेर जी शिंक झाली ती मी हजारात ओळखली असती. तिच्यापाठोपाठ आत आमच्यातल्याही कुणालातरी शिंक आली. बाई लगेच म्हणाल्या की इमारत ऐसपैस असली की आवाज घुमतो.

अहवाल आला आहे. शाळा प्रशस्त, हवेशीर आणि 'आवाज घुमण्याइतकी मोकळी' आहे. वाढीव इमारतीची निकड दिसत नाही. उलट पलीकडच्या शाळेत फार दाटी असल्याने तिथले दोन वर्ग पुढच्या सत्रापासून आमच्याकडे पाठवावेत. खाली भावजींची सही आहे, नेहमीसारखी वळणदार. पलीकडच्या शाळेने साफसफाई केली नव्हती.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर लिहिलं ते सहज. खरं काम असं की निकाल अजून कायम झालेला नाही, समितीतल्या कुणी फेरपाहणी मागितली तर होऊ शकते. भावजींनी एकदा यावं. न कळवता, शाळा भरल्यावर, मागच्या दाराने. मोठा रुमाल आणावा आणि जुन्या सामानाचं ते दार स्वतः उघडावं.

ता. क. दुसरा : कुठल्या दिवशी येणार ते मला कळवू नकोस. कळलं तर मी बाईंना सांगेन, आणि आम्ही पुन्हा आवरायला घेऊ. आमच्याच्याने राहवणार नाही. हे पत्रच बघ ना, पहिल्या खर्ड्यात खाडाखोड फार झाली म्हणून नीट उतरवून काढलं आहे.

ता. क. तिसरा : उतरवताना एक गोष्ट गाळली, कारण ती पत्रात शोभत नव्हती. समिती गेल्यावर दार उघडलं, पोरं कपडे झटकत होती, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारलं, "सर, जुनं सामान म्हणजे आपण ना?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग आपण इथे का?" मला फार वाईट वाटलं ताई. मी पोरांना गाणं म्हणायला सांगितलं, पण त्यांना गप्प राहायला इतकं चांगलं शिकवलं होतं की बराच वेळ कुणीच सूर लावला नाही.