पाहुण्यांच्या स्टँडमधून मारलेली हाक

शुक्रवार, २ फेब्रुवारी २००७. मोटेल

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

काय ती जागा! आम्ही पाहुण्या टीमचे आईबाप एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेलो. समोर बर्फावर वेद गोलमध्ये, आणि त्याच्या पाठीमागेच, मध्ये फक्त एक काच, तिकडच्या कॉलेजची सगळी पोरं. छत इतकं बुटकं की आवाज वर जातच नाही, परत अंगावर येतो. गोल झाला की शेकडो बोटं एकदम वेदकडे. "सिव्ह! सिव्ह!" चाळणी म्हणे. माझ्या पोराला चाळणी म्हणतात, आणि मी तिकीट काढून ते ऐकते.

शेवटी शेवटी त्यांचा एक धिप्पाड मुलगा थेट वेदच्या अंगावर आला. वेद पडला तो उठेचना. सगळं रिंक गप्प झालं. आणि मी कधी उभी राहिले कळलंच नाही, जीव खाऊन ओरडले — "बबडू!"

उठला. लगेच उठला. पण नाव सगळ्यांच्या कानावर गेलं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

इथे अमेरिकेत कॉलेजच्या आइस हॉकीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ सामने असतात. म्हणजे पोरांना रात्रभर वेळ मिळाला. आज आत शिरले तर पोस्टरवर हे मोठं, BABDU! ढोलाच्या ठेक्यावर "बॅब-डू! बॅब-डू!" मॅचभर. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

बसमध्ये चढताना वेद एवढंच म्हणाला, "आई, आय टोल्ड यू. नेव्हर इन फ्रंट ऑफ पीपल."

चौथीत होता तेव्हाच मला दम भरला होता. मित्रांसमोर नाही, फोनवर नाही. रूममेटलाही माहीत नव्हतं. आता सगळ्या गावाला माहीत आहे.

घरी येताना कुमार म्हणाला, "अगं, विसरतील ती. पोरंच आहेत." लग्न झाल्यापासून हा असंच म्हणत आलाय.

बुधवार, २८ फेब्रुवारी

प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. पुन्हा शुक्रवार-शनिवार. आणि कुठे? तिथेच! ईमेल दोनदा वाचला.

नणंदेचा, शैलजाताईंचा फोन. "सुचित्रा, टेनिस का नाही गं खेळला?" काय सांगू? लहानपणी घराजवळ, नेपरव्हिलच्या पार्क डिस्ट्रिक्टच्या हॉकीच्या क्लासमध्ये मीच घातलं होतं, हिवाळ्यात घरात धुडगूस नको म्हणून.

शुक्रवार, ९ मार्च

मी आत गेलेच नाही. कुमारला पाठवलं आणि गाडीत हीटर लावून रेडिओ ऐकत बसले. मी दिसले की त्या पोरांना चेव येईल. जिंकलो! कुमार म्हणतो, पोस्टरं तीच आहेत.

रविवार, ११ मार्च. हॉस्पिटल

वेद झोपलाय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

कालही गाडीतच होते. रेडिओवर त्यांच्याच कॉलेजची मुलं कॉमेंट्री करतात. पक, ती दगडासारखी रबरी चकती, वेदच्या मास्कवर बसली म्हणाले. पडला. आमच्या टीमचा ट्रेनर, दुखापती बघणारा, बर्फावर गेला. उठला म्हणाले, आणि मी श्वास सोडला. मग आमच्या खेळाडूंच्या बाकाजवळ माइक घेऊन उभा असलेला त्यांचा मुलगा हसत सुटला. "ट्रेनरने नाव विचारलं, तर गोलकीपर काय म्हणाला माहितीये? बॅबडू!" सगळे हसले. ट्रेनरही हसला म्हणे, पाठ थोपटली आणि त्याला खेळायला ठेवलं.

मला हसू आलं नाही. वेद मेला तरी — कसला अभद्र शब्द लिहिला! — वेद ते नाव चारचौघांत तोंडातून काढणार नाही. गंमत म्हणून तर नाहीच नाही.

कोट गाडीतच राहिला. दारावर तिकीट मागितलं, ते कुमारच्या खिशात. "माय सन," म्हटलं आणि घुसले. बाकाकडे जायची वाट नेमकी त्या पोरांच्या समोरून. एकाने ओळखलं. "इट्स बॅबडूज मॉम!" झालं, सगळा स्टँड माझ्यावर. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. तरी पळत गेले आणि बाकामागच्या काचेवर मुठी आपटल्या.

कोच म्हणाला, "मॅम, यू कान्ट बी हिअर."

"ही इज नॉट जोकिंग! ही वुड नेव्हर से दॅट नेम!"

ट्रेनरचा चेहरा बदलला. खेळ थांबताच त्याने वेदला बाजूला घेतलं आणि विचारलं, आपण कुठे आहोत?

"नेपरव्हिल," वेद म्हणाला.

ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर जाताना ढोल बंद होता. एका मुलीने पोस्टर उलटं करून पायाशी ठेवलं.

मेंदूत थोडा रक्तस्राव आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मार बसला असता तर... जागा झाला की विचारतो, "हू वन?" हरलो म्हणून सांगते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्याकडे बघतो, पण ओळखतो की नाही कळत नाही. कुमार एकदाही "होईल ठीक" म्हणाला नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवार, १३ मार्च

सकाळी डॉक्टरांनी नाव विचारलं. "वेद." ही कोण? "माय मॉम." मला राहवलं नाही, केसांवरून हात फिरवून म्हटलं, "बबडू."

त्याने दारातल्या नर्सकडे बघितलं आणि माझा हात बाजूला केला.

"आई, प्लीज. नॉट इन फ्रंट ऑफ पीपल." चिडून म्हणाला. अगदी चौथीत म्हणाला होता तसा.