मार्तंडचा शंख आणि आयचा भाव

वेसावे, अंधेरी (पश्चिम)
बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्याचे दिवस

प्रिय लहूदादास,

धाकट्या दिपेशचा नमस्कार. इकडे आय आणि मी खुशाल आहोत. तुझी खुशाली फोनवर विचारावी तर तू "बरंय, बोल" म्हणतोस, आणि मी बोलायला लागलो की नेमकं मस्कतचं बंदर तुला हाक मारतं. म्हणून हे पत्र. शेजारचा यज्ञेश तिकडे कामाला येतोय, त्याच्या हाती सुक्या बोंबलांच्या पुड्यासोबत पाठवतोय. (पत्राला वास लागला असेल तर घरचा समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? आयच्या गुडघ्याचं विचारू नकोस. मी काही काम सांगितलं की तो दुखतो, एरवी ठणठणीत आहे.

तर दादा, नारळी पौर्णिमेला येशील तेव्हा आपला कॉम्प्युटरवरचा जुना गेम नव्या बेटाच्या पुरवणीसकट लावून ठेव, असं तू सांगितलं होतंस. सांगायला तुझं काय जातं! पण मीही मनावर घेतलं, कारण खरं सांगायचं तर गेल्या सुट्टीत तू घरी होतास आणि नव्हतासही. सकाळपासून मोबाईलमध्ये डोकं, आय ताट घेऊन उभी, आणि एका खाटेवर बसून आपल्या दोघांना बोलायला विषय नाही. निघायच्या आदल्या दिवशी सहज तो गेम चालू केला, आज्याचं नाव दिलेला आपला गेममधला गडी, मार्तंड, कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, आणि तू चहा थंड होईस्तोवर बडबडत बसलास. मला वाईट वाटलं होतं रे तेव्हा, की हे आधीच का नाही सुचलं. म्हणून ठरवलं, यंदा काही झालं तरी पुरवणी लागलीच पाहिजे.

पण आपला गेम सीडीवरचा, आणि पुरवणी मिळते फक्त इंटरनेटवर. इंटरनेटवरची पुरवणी सीडीवरच्या गेमला ओळख दाखवायला तयार नाही. सोयरीक जुळेना, म्हणून अख्खा गेमच पुन्हा विकत घेतला. त्याला 'संपूर्ण आवृत्ती' म्हणतात. त्यात मार्तंडसाठी नव्या टोप्या आहेत, भिंतीवर लावायचं चित्र आहे, नवं बेट तेवढं नाही. ते वेगळं घ्यायचं. बरं, घ्यायला गेलो तर बँकेचा ओटीपी आयच्या फोनवर, फोन तिच्या बटव्यात, आणि आय तुझ्या लाडक्या कल्पितामावशीबरोबर बाजारात खाडीची कोलंबी सोलत बसलेली. धावत गेलो. तर ओटीपी कोणालाही सांगू नका असं बँकेने बजावलंय म्हणून तिने मला, पोटच्या पोराला, सांगितला नाही. बँकेवर इतकी निष्ठा बँकेच्या मॅनेजरची नसेल. शेवटी तिला घरी आणून तिच्याच ओल्या बोटाने आकडे दाबून घेतले. (कीबोर्डला अजून कोलंबीचा वास येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार करायची ताकदच उरलेली नाही.)

मग पुरवणी बसवली तर गेम उघडेना. कुठल्याशा भल्या माणसाने इंटरनेटवर पूर्वी कधीतरी लिहून ठेवलंय की आधी अमुक दुरुस्ती टाका, मग पुरवणी, मग तमुक दुरुस्ती. मी तमुक आधी टाकली. गेम उघडला, पण जर्मन भाषेत. पुसून पुन्हा सगळं पहिल्यापासून. या भानगडीत माझी निम्मी सुट्टी खलास झाली, आणि ऑफिसात मी आजारी असल्याचं कळवलं होतं ते हळूहळू खरं व्हायला लागलं. पण गेम लागला, दादा! आपला जुना मार्तंडही त्यात नीट उतरला. मी देवापुढे साखर ठेवली.

घाई केली. नव्या बेटावर न्यायला बंदरात एक नावाडी उभा असतो. तो म्हणतो, शंख दाखव. तोच शंख, जो तू त्या गुहेतल्या राक्षसाला मारून मिळवला होतास. मी मार्तंडची पिशवी उघडली. पिशवीत एक घोंगडी, भाकऱ्या आणि नवेकोरे बूट. शंख नाही, जादूची तलवार नाही, तुझी ती निळी ढाल नाही.

दादा, पावसाळ्याची मासेमारी बंद झाल्यापासून आयला दुपारी वेळ जात नव्हता म्हणून मीच तिला माउस धरायला शिकवला होता. तिने पिशवीतल्या सगळ्या वस्तूंचे कोलंबीचे लावावेत तसे वाटे लावले आणि गेममधल्या बाजारात नेऊन विकून टाकले! मी डोक्याला हात लावला, तर मलाच म्हणाली, "शिळा माल पाटीत ठेवून कोण उठतं रं? आणि आज्याचं नाव ठेवलंय, त्याला अनवाणी फिरवताना लाज नाय वाटली?" यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

शंख कोणाला विकला ते मात्र तिला पक्कं आठवत होतं (गिऱ्हाईक ती विसरत नाही, गेममधलंही नाही). गेलो त्या दुकानात. शंख समोर मांडलेला, मार्तंडच्या गाठीला पैसाही भरपूर. पण दुकानदार विकल्याच्या कितीतरी पट भाव सांगतो आणि आय मला घेऊ देत नाही. मी तिला सगळं समजावलं, की शंखाशिवाय नावाडी नेणार नाही, आणि या गेममध्ये घासाघीस होत नसते. तिचं म्हणणं, होत नसते कशी, संध्याकाळी बाजार उठताना भाव पडतोच. म्हणून रोज दुपारी ती मार्तंडला त्या दुकानासमोर उभा करते आणि गेममधली संध्याकाळ व्हायची वाट बघत बसते. संध्याकाळ होते, भाव पडत नाही, दुकानदार दार लावून घेतो, आणि आय त्याला आपल्या भाषेत जे काही ऐकवते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी थकलो, दादा. नोकरीसुद्धा इतकी दमवत नाही.

असो. पथ्यपाणी सांभाळ. बोंबील एकट्याने संपवू नकोस.

तुझा,
दिपेश

ता. क. – खरं काम लिहायचंच राहिलं. आयला एक फोन कर आणि सांग की सांगेल त्या भावाने शंख घे. तू मोठा, तुझं ती ऐकते.

ता. क. २ – फोन करू नकोस. आय सोसायटीच्या मिटिंगला गेली तेवढ्यात मी गुपचूप शंख विकत घेऊन मार्तंडच्या पिशवीत ठेवला. सगळं तयार आहे. तू फक्त ये आणि होडीत बस.

ता. क. ३ – यज्ञेश पुडा न्यायला आला म्हणून त्याला दाखवायला मार्तंडची पिशवी उघडली, तर शंख नाही. आयने परत विकला. त्याच दुकानदाराला. विचारलं, तर लसूण सोलता सोलता म्हणाली, "शंख दिला की लहू होडीत बसणार, बेट फिरून होणार, नि मग हाय परत मोबाईल. येऊ दे त्याला. तिघं मिळून भाव पाडू." तेव्हा दादा, रजा जरा जास्तच टाक. दुकानदार चिवट आहे.